सगळे ट्रॅकर एक करायच्या आधी वेब्रिजची गोष्ट ऐका

तर प्रश्न असा आलाय की साडेतीन हजार लोकांची संस्था आहे, आयटी हेल्पडेस्क जीएलपीआयवर, सॉफ्टवेअरवाले जिरावर, मेंटेनन्सचं स्वतःचं वर्क ऑर्डरचं जुनं सॉफ्टवेअर, ॲडमिनवाले रेडमाइन वापरून राहिले अन एचआरची आपली एक्सेल, म्हणजे तक्रारी अन कामं नोंदवायचे पाच वेगळे ट्रॅकर. नवीन साहेब आले, पहिल्याच मीटिंगमध्ये म्हणाले हा काय बाजार मांडलाय, सहा महिन्यांत सगळं एका सिस्टिमवर पाहिजे. तर करायचं का, अन केलं तर कोणतं टूल घ्यायचं.

सरळ सांगतो, आत्ता नका करू. टूलचं नाव तर अजिबातच नका विचारू, ते सगळ्यात शेवटी येतं.

मी हे काम नागपुरात १९ वर्षांपासून करून राहिलो, आधी बुटीबोरी अन हिंगण्याच्या एमआयडीसीत, मग एका हॉस्पिटल ग्रुपमध्ये, आता मिहानमध्ये. ट्रॅकर पाच असोत की एक असो, लोकांना त्रास होतो तो दोन डिपार्टमेंटच्या मधल्या फटीत जे पडते त्याचा, अन टूल बदललं म्हणून फट बुजत नाही. हे मी कुठे शिकलो ते सांगतो.

बुटीबोरीला एका कारखान्यात गेटवर वेब्रिज होता, म्हणजे ट्रकचं वजन करायचा काटा. मे महिना, आपल्याकडचा मे म्हणजे सांगायला नको. वजनकाट्याच्या इंडिकेटरवर वजन बरोबर दिसायचं पण पीसीच्या स्क्रीनवर मधेच शून्य यायचं, नाहीतर आधीच्या ट्रकचाच आकडा अडकून बसायचा. गेटवाल्याने आयटीत तिकीट टाकलं, म्हणजे ट्रॅकरमध्ये तक्रार नोंदवली. आयटीचा पोरगा आला, सॉफ्टवेअर बंद करून चालू केलं, पाहिलं तर आकडाच येत नाही, म्हणून त्याने लिहिलं “सॉफ्टवेअर ओके, लोड सेल तपासावा” अन तिकीट क्लोज. मग गेटवाल्याने मेंटेनन्सला स्लिप दिली. इन्स्ट्रुमेंटवाले आले, वजनं ठेवून काटा तपासला, एकदम बरोबर, त्यांनी लिहिलं “इंडिकेटर ओके, पीसी तपासावा” अन वर्क ऑर्डर क्लोज. असं तीनदा फिरलं, ११ दिवस. तोवर गेटवाला इंडिकेटरवरचा आकडा रजिस्टरमध्ये हाताने लिहून राहिला होता, बाहेर ट्रकची रांग, ड्रायव्हर लोक ट्रकखाली सावलीत स्टोव्ह पेटवून स्वयंपाक करून राहिले.

अन महिन्याच्या रिव्ह्यूमध्ये काय दिसलं? आयटीची तिन्ही तिकिटं चार-पाच तासांत बंद, मेंटेनन्सच्या तिन्ही वर्क ऑर्डर त्याच दिवशी बंद. दोन्ही रिपोर्ट हिरवेगार. कोणीच खोटं लिहिलं नव्हतं, हेच तर त्यातलं भयानक आहे. प्रत्येक वेळी तक्रार दुसरीकडे गेली की घड्याळ शून्यापासून सुरू.

शेवटी निघालं काय, तर इंडिकेटरचा सीरियल पोर्ट पीसीच्या यूएसबीला जोडणारी ती चारशे-पाचशे रुपयांची कन्व्हर्टर वायर. आयटीच्या असेट लिस्टमध्ये ती नव्हती, कारण ती वेब्रिजसोबत आली होती. इन्स्ट्रुमेंटच्या लिस्टमध्ये नव्हती, कारण ती पीसीला लागते.

आता तुमचे साहेब म्हणतील, बघा, एकच सिस्टिम असती तर हे झालंच नसतं. मलाही तेव्हा तसंच वाटलं होतं. पुढे हॉस्पिटल ग्रुपमध्ये गेलो तर तिथे खरंच एकच टूल होतं, सगळ्यांसाठी. तिथे आयसीयूच्या मॉनिटरचा डेटा सेंट्रल स्टेशनवर येत नव्हता, बायोमेडिकलवाल्यांनी आयटीला असाइन केलं, आयटीने नेटवर्कच्या व्हेंडरला, त्याने परत बायोमेडिकलला, एकाच तिकिटावर १४ वेळा असाइनी, म्हणजे काम ज्याच्या नावावर आहे तो, बदललेला मी स्वतः मोजलाय. फरक एवढाच की क्लोज करून नवीन उघडण्याऐवजी आता एक बटण दाबून दुसऱ्याच्या अंगावर टाकता येत होतं. हिस्टरी एका जागी दिसते हा फायदा खरा, तो मी नाकारत नाही, पण ती हिस्टरी कोणी वाचत नव्हतं.

मुळात हे ट्रॅकर वेगळे काहून झाले ते समजून घ्या, कोणी हट्ट म्हणून नाही केले. या टूलांचे वंशच वेगळे आहेत. बगझिला १९९८ मध्ये मोझिलाच्या प्रोग्रामर लोकांनी स्वतःच्या कोडमधले बग लिहायला काढलं. रिक्वेस्ट ट्रॅकर म्हणून आहे, ते त्याच्याही आधीचं, १९९६ चं, सिस्टिम ॲडमिनकडे येणाऱ्या मेलचा ढीग आवरायला निघालं. जिरा २००२ चं, अन त्याचं नावसुद्धा बगझिलावरूनच आलं, गॉडझिलाला जपानीत गोजिरा म्हणतात त्याचं शेपूट. मेंटेनन्सची सॉफ्टवेअरं तर तिसऱ्याच घरातली, त्यात मध्यभागी तक्रार नसतेच, मशीन असतं, अन त्याला चिकटलेले स्पेअर, स्टोअरचा इंडेंट, प्रिव्हेंटिव्हचं वेळापत्रक.

म्हणून “क्लोज” या एका शब्दाचेच तीन अर्थ निघतात. डेव्हलपरसाठी दुरुस्त कोड मुख्य कोडात मिसळला (मर्ज झाला) की क्लोज, मग तो रिलीजमध्ये तीन आठवड्यांनी का जाईना. हेल्पडेस्कवाल्यासाठी युजर हो म्हणाला की क्लोज. मेंटेनन्सला जॉब कार्डवर सही, वापरलेला स्पेअर स्टोअरमधून वजा, मशीन किती तास बंद होतं ते भरलेलं, मग क्लोज. एचआरचं तर वेगळंच, एखाद्याविरुद्ध तक्रार असेल तर तिचं नुसतं शीर्षक दुसऱ्या कोणाला दिसलं तरी घोटाळा. शिवाय हेल्पडेस्कला ४० लोकांची ४० तिकिटं असतात अन डेव्हलपरकडे त्या सगळ्यांचा मिळून एकच बग असतो. आयटीआयएल, म्हणजे आयटी सेवा चालवायची प्रसिद्ध पद्धत, शिकवणारे याला इन्सिडेंट वेगळा, प्रॉब्लेम वेगळा असं म्हणतात, अन ते बरोबरच आहे, ४० जणांना वेगवेगळं उत्तर द्यावं लागते पण दुरुस्ती एकदाच करायची असते.

हे सगळं एका साच्यात कोंबलं की काय होतं ते मी पाहिलंय. स्टेटसच्या ड्रॉपडाऊनमध्ये ३० च्या वर पर्याय, फॉर्मवर चाळीसेक रकाने, त्यातले अर्धे सक्तीचे, अन लोक त्या सक्तीच्या रकान्यांत नुसतं टिंब टाकून पुढे जातात. “मूळ कारण” या रकान्यात “ओके” लिहिलेलं मी इतक्या वेळा वाचलंय की आता हसूही येत नाही. अन मग सहा महिन्यांत मेंटेनन्सवाल्यांपासून सुरू होऊन एकेक डिपार्टमेंट आपलं जुनं परत काढते, म्हणजे तुमचे पाच ट्रॅकर होते ते सहा होतात.

बरं मग दुसरा मोह. साहेब ऐकले, म्हणाले ठीक आहे, वेगळे ठेवा पण जोडा, सगळं सिंक करा. इथे हात जास्त भाजतात.

माझा पहिला सिंक मी मेलने केला होता. आमच्या हेल्पडेस्कने व्हेंडरच्या सपोर्टला मेल टाकायचा, त्यांच्या सिस्टिमने तिकीट बनवून “तुमची तक्रार मिळाली” असं उत्तर द्यायचं. ते उत्तर आमच्या सिस्टिमला नवीन मेल वाटलं, तिने तिकीट बनवलं अन पोच पाठवली, ती पोच तिकडे नवीन तक्रार. शनिवारी संध्याकाळी सुरू झालं नं सोमवारी सकाळी मी पोहोचलो तर ९ हजारांच्या वर तिकिटं, दोन मशिनी रात्रभर एकमेकींना नमस्कार करत बसल्या होत्या. यावर उपाय जुनाच आहे, आपोआप जाणाऱ्या मेलवर ऑटो-सबमिटेड नावाचा हेडर, म्हणजे न दिसणारी खूण, लावायचा अन तो हेडर असलेल्या मेलला आपोआप उत्तर द्यायचं नाही, २००४ च्या आरएफसी ३८३४ या इंटरनेटच्या नियमांच्या कागदात हे स्पष्ट लिहिलेलं आहे. मी ते तेव्हा वाचलं नव्हतं, सोमवारी वाचलं. वेबहुकने, म्हणजे बदल झाला की एका सिस्टिमने दुसरीला आपोआप कळवायचं, असं जोडलं तरी हीच भानगड होते, इकडचा बदल तिकडे, तिकडच्या बदलाने परत इकडे, म्हणून सिंक करणाऱ्या खात्याने केलेला बदल पुढे ढकलायचाच नाही हा नियम पहिल्या दिवशी घाला.

दुसरं, कमेंट सिंक करू नका. कधीच नका. एका टूलमध्ये अंतर्गत नोट वेगळी अन युजरला दिसणारी वेगळी असते, दुसऱ्यात तो फरकच नसतो. आमच्या पोराने अंतर्गत नोट लिहिली, “साहेबांना काही समजत नाही, तिसऱ्यांदा तेच सांगितलं”, अन ती सिंक होऊन त्या साहेबांच्याच मेलवर गेली. पुढचे दोन आठवडे मी काय केलं ते इथे लिहीत नाही.

मग करायचं काय? सीताबर्डीचं मेट्रो स्टेशन डोळ्यासमोर आणा. खापरीवरून येणारी ऑरेंज लाईन वेगळी, लोकमान्य नगरकडे जाणारी ॲक्वा लाईन वेगळी, गाड्या वेगळ्या, प्लॅटफॉर्म वेगळे, अन दोन्ही रूळ एक करा असं कोणी म्हणत नाही. माणूस सीताबर्डीला उतरून गाडी बदलतो पण तिकीट तेच राहते. तुम्हाला रूळ जोडायचे नाहीत, इंटरचेंज बांधायचं आहे.

माझ्याकडे ते असं चालते. तक्रार जिथे पहिल्यांदा आली तिथलं तिकीट शेवटपर्यंत उघडं राहते, काम पुढे पाठवणाऱ्या डिपार्टमेंटला ते बंद करायची परवानगीच नाही. दुसऱ्या डिपार्टमेंटकडे काम गेलं की तिथे त्यांचं त्यांचं तिकीट बनते अन दोघांमध्ये फक्त लिंक, शीर्षक, सध्या कोणाकडे आहे ते नाव, अन स्टेटस. स्टेटस पण चारच: आलं, चालू आहे, अडलंय, झालं. प्रत्येक डिपार्टमेंटने आपले पंधरा-वीस स्टेटस या चारांत कसे बसतात तेवढं एकदा कागदावर लिहून द्यायचं, यालाच दोन आठवडे लागतात अन यातच सगळी भांडणं बाहेर येतात, येऊ द्या.

याच्यात एक पाचवी अवस्था मी मुद्दाम घालतो, “दिलं, अजून घेतलं नाही”. घेणाऱ्याने कामाच्या चार तासांत एकतर घ्यायचं नाहीतर कारण लिहून परत करायचं. गप्प बसणे हा पर्याय नाही. अन परत करणं दोनदाच, तिसऱ्यांदा दोन्ही डिपार्टमेंटच्या सुपरवायझरनी मिळून जागेवर जायचं, फोनवर नाही, जागेवर. वेब्रिजच्या वेळी हा नियम असता तर दोघं एकाच टेबलासमोर उभे राहिले असते अन वायर दिसलीच असती. सुरुवातीला लोक चिडतात, म्हणतात आमच्याकडे वेळ कुठाय, पण पहिल्या महिन्यात पाच-सहा वेळा जावं लागलं की मग पुढे आपोआप आधीच फोन करून विचारून घेतात.

घड्याळं दोन ठेवा. एक डिपार्टमेंटचं, ते त्यांच्या एसएलएसाठी, म्हणजे किती वेळात काम करायचं त्या कबुलीसाठी, त्याच्याशी मला घेणं नाही. दुसरं तक्रार करणाऱ्याचं, पहिल्या तक्रारीपासून तो हो म्हणेपर्यंत, ते कुठेच थांबत नाही, “ऑन होल्ड” केलं तरी नाही. साहेबांना दाखवायचं ते दुसरं.

नंबरचं एक छोटं पण जाम त्रास देणारं. रेडमाइनचे नंबर नुसते आकडे असतात, जीएलपीआयचेही. मीटिंगमध्ये कोणी म्हणालं “४४१७ चं काय झालं” तर दोन माणसं दोन वेगळ्या गोष्टींबद्दल दहा मिनिटं बोलू शकतात, हे मी स्वतः बसून ऐकलंय. बोलताना-लिहिताना पुढे अक्षर लावायची सवय लावा, आयटी-४४१७, एडी-४४१७. जिरात ते आधीपासूनच असते. अन कधी खरंच सिस्टिम बदलली तर जुने नंबर सापडले पाहिजेत. विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडियावाल्यांनी २०१४ मध्ये बगझिलावरून फॅब्रिकेटर नावाच्या ट्रॅकरवर जाताना प्रत्येक जुन्या नंबरात २००० मिळवले, बस, बग १ म्हणजे टी२००१. इतकी साधी युक्ती की आजही जुन्या मेलमधला नंबर मनातल्या मनात बेरीज करून काढता येतो.

कर्मचाऱ्यांसाठी मात्र एक खिडकी पाहिजेच. नर्सला किंवा गेटवाल्याला हे माहीत असायची गरज नाही की एसीचं तिकीट कुठल्या टूलमध्ये जाते. एक फोन नंबर, एक फॉर्म, मागे एक माणूस बसवा जो वाचून योग्य ट्रॅकरमध्ये टाकतो. हा माणूस नवीन भरती करू नका, ज्याला सगळी बिल्डिंग माहीत आहे असा जुना माणूस द्या, इथे पैसे वाचवले की सगळं वाया जाते. अन व्हॉट्सॲप ग्रुप बंद करायच्या फंदात पडू नका, ते बंद होत नाहीत. त्याच माणसाला ग्रुपमध्ये टाका, मेसेज आला की त्याने तिकीट करायचं अन नंबर ग्रुपवर टाकायचा, दोन महिन्यांत लोकच विचारतात “नंबर काय पडला”.

साहेबांना एक डॅशबोर्ड हवा असतो, तो द्या, त्याला सगळे ट्रॅकर एक करायची गरज नाही. रात्री एक स्क्रिप्ट प्रत्येक सिस्टिममधून सात-आठ रकाने उचलून पोस्टग्रेस डेटाबेसच्या एका टेबलात टाकते, वर आलेख दाखवणारं मेटाबेस बसवलं की काम झालं. एचआरच्या एक्सेलमधून फक्त नंबर, तारीख अन स्टेटस उचला, शीर्षकसुद्धा नाही. अन वेळेचं पाहा: क्लाऊडवरची टूलं बहुतेक यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, वेळ देतात, तुमचं मेंटेनन्सचं जुनं सॉफ्टवेअर इथल्या वेळेत. साडेपाच तासांचा फरक. रात्रपाळीत अडीच वाजता झालेला ब्रेकडाऊन आदल्या दिवशीच्या रात्री ९ चा दिसतो, म्हणजे मध्यरात्रीपासून पहाटे साडेपाचपर्यंतचं सगळं चुकीच्या तारखेला जाते, अन महिन्याच्या १ तारखेला हे मागच्या महिन्यात जाऊन बसते. आमच्याकडे यावरून शिफ्ट इंचार्जचा इन्सेंटिव्ह अडकला होता.

डॅशबोर्डवर डिपार्टमेंटची तुलना तिकिटांच्या संख्येने करू नका. ज्या दिवशी “सगळ्यात जास्त क्लोज कोणी केले” हे पडद्यावर दिसते त्या दिवसापासून एका तक्रारीची तीन तिकिटं होतात. मी तीनच गोष्टी लावतो: सगळ्यात जुनी उघडी दहा तिकिटं नावानिशी, “दिलं, घेतलं नाही” मध्ये अडकलेली किती, अन तक्रार करणाऱ्याच्या घड्याळाचा मध्यक, सरासरी नाही, कारण एखादं दोनशे दिवसांचं तिकीट सरासरीचा सत्यानाश करते.

एकत्र कधी करायचं? करायचं असतं बरं, मी काही विरोधक नाही. दोन डिपार्टमेंटची निम्म्याच्या वर कामं एकमेकांकडेच जात असतील, किंवा तीच माणसं दिवसभर दोन्ही टूलमध्ये लॉगिन करून राहिली असतील, तर ते दोन ट्रॅकर म्हणजे नुसता पसारा आहे. तुमच्याकडचं ऐकून आयटी अन ॲडमिन तसे वाटतात, त्यांना जीएलपीआयवर एकत्र आणा, सुरुवात तिथून. टूलच मरून राहिलं असेल तरीही हलावं लागते, जिराच्या सर्व्हर आवृत्तीचा सपोर्ट १५ फेब्रुवारी २०२४ ला संपला, तेव्हा कित्येकांची हीच धावपळ झाली. तुमचं जिरा कोणत्या आवृत्तीवर आहे ते आजच पाहून घ्या. हलवताना फक्त उघडी तिकिटं न्या, जुना ट्रॅकर वाचण्यापुरता तसाच राहू द्या, पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेवाल्यांनी २०२२ मध्ये गिटहबवर जाताना जुना ट्रॅकर तसाच वाचण्यापुरता ठेवलाय. मेंटेनन्सला अन एचआरला मात्र हात लावू नका.

अन सहा महिन्यांचा प्लॅन द्यायच्या आधी एक काम करा, याला एक पैसा लागत नाही. आयटीचा एक, इलेक्ट्रिकलचा एक, ॲडमिनचा एक, तिघांना घेऊन एक दिवस सगळा कॅम्पस पायी फिरा अन ज्या वस्तूवर दोघं एकमेकांकडे बोट दाखवतात ती लिहून घ्या. सर्व्हर रूमचा एसी, यूपीएस अन त्याच्या बॅटऱ्या, सीसीटीव्ही, हजेरीचं बायोमेट्रिक मशीन, फॉल्स सीलिंगमधल्या नेटवर्कच्या वायरी, मशीनला जोडलेला पीसी, लिफ्टमधला इंटरकॉम. आम्ही फिरलो तेव्हा ६३ वस्तू निघाल्या होत्या. प्रत्येकीला एक मालक, एकच, दोन नाही, अन त्याच्या ट्रॅकरमध्ये तिचा असेट नंबर. तुमच्या फटीतल्या तक्रारी कुठून येतात ते या यादीतच दिसेल, अन साहेबांना दाखवायला ही यादी कोणत्याही प्रेझेंटेशनपेक्षा बरी.

त्या कन्व्हर्टरवर आता आयटीचा टॅग आहे. तो कोणाचा हे ठरवायला दोन मीटिंग लागल्या.